रुमालाखालचं घर

"आक्का, तू घरमा जाय. च्या ठेव."

"चहा तीनदा झाला. चौथा मी ठेवणार नाही. आधी तो रुमाल काढ."

"रुमाल कसा काढू? सौदा चाली ऱ्हायना ना."

"कोणाच्या घराचा?"

आमचा दलाल नामूभाऊ रुमालाची कड सारखी करायला लागला. माझ्याच ओट्यावर, माझ्याच खाटेवर दोन पुरुष समोरासमोर बसलेले. दोघांचे उजवे हात एका लाल रुमालाखाली, बैलबाजारात करतात तसा बोटं दाबून भाव चाललेला, आणि त्या रुमालाखाली माझं घर. मी मालकीण, रिकाम्या कपांचा ट्रे धरून उभी.

"जिभाऊ, तुम्ही तरी बोला," मी गिऱ्हाइकाला म्हटलं. "किती देता?"

जिभाऊंनी छपराकडे पाहिलं. "बाई, असं उघडं कोणी बोलस का?"

या भांडणाचा शेवट सांगणारच आहे. पण त्याच्या आधीचं ऐकल्याशिवाय तो कळायचा नाही. संक्रांतीला मी घर विकायला काढलं. तेव्हापासून माळ्यावरचं सामान कमी होत चाललंय आणि किस्से मात्र दळणाच्या डब्यांसारखे एकावर एक चढत चाललेत. सामान टेम्पोत बसेल. किस्से कुठे बसवू? म्हणून लिहून काढते.

घर का विकायचं, तेही सांगते, नाहीतर लोक म्हणतील म्हातारीला मुलानं काढलं. मला कोणी काढलेलं नाही. माझी धाकटी बहीण शांता म्हसावदला एकटी आहे. तिची नजर कमी झालीय, माझे गुडघे. तिच्या घराला लागून दोन खोल्या विकायच्या आहेत. खोल्यांचा मालक म्हणाला, "आखाजीपर्यंत थांबतो, पुढे नाही." अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. लहानपणी आखाजीला आम्ही दोघी एकाच झोक्यावर बसायचो, आणि झोका कोणी द्यायचा यावरून भांडायचो. आता एकाच ओट्यावर बसून भांडायचंय, एवढीच इच्छा.

तेव्हा दोन गोष्टी मी पहिल्या दिवशीच ठरवल्या. घर आखाजीच्या आत विकायचं. आणि विकणार मी. मुलगा नाही, दलाल नाही, मी. शहाद्याच्या या घराच्या पुढच्या खोलीत अठ्ठावीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, तिच्यावर घर चाललं. कागदावर नाव माझं, खाली सही माझी. अंगठा नाही.

सहीचंही सांगून टाकते. शाळेत मला कोणी घातलं नाही. अक्षरं मी गिरणीत शिकले. प्रत्येक डब्याच्या झाकणावर रंगानं नाव, आणि डब्याच्या मागे ती बाई उभी. 'सुमन' लिहिलेल्या डब्यामागे रोज सुमन. 'मंगल'च्या मागे मंगल. असं करत करत अक्षरं सुटी झाली. वर्षभरात मी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचू लागले, आणि दोन वर्षांत वाण्याचा हिशेब.

*

नामूभाऊ आधी बैलांचा दलाल होता. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, तसा तो घरांकडे वळला. कार्डावर 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' छापून घेतलं. गळ्यातला रुमाल मात्र बैलबाजारातलाच.

पहिल्या दिवशी आला तो घराभोवती एक चक्कर मारून आला. मागच्या भिंतीवर तळहातानं दोन थापा मारल्या, कान लावून ऐकलं. मग वहीत लिहायला बसला.

"वय?"

"माझं की घराचं?"

"घरनं."

"तीस."

"वीस सांगूत."

"का म्हणून?"

"आक्का, दात बैलना मोजतस. घरना दात कोणी मोजस का?"

"दात नाहीत. पण बांधलं ते साल दारावर कोरलंय. वर बघ."

त्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि म्हणाला, "तोरन मोठं बांध."

*

मग त्यानं रंग आणला. शेंदरी. सगळ्या घराला नाही, फक्त गेटला आणि खिडक्यांच्या गजांना.

"एवढाच?" मी विचारलं.

"बाजारमा बैल नेवाना पहिले शिंगडाच रंगाडतस. सगळा बैल कोण रंगाडस?"

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं. रिटायर झालेले गुरुजी. गेटसमोर सायकल लावली, गेटावर बोट फिरवलं, बोटाला लागलेला रंग पाहिला आणि नामूला म्हणाले, "गेट ताजं दिसतंय. म्हणजे मागे काय पडलंय?"

पुढच्या तीन खोल्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ मागच्या खोलीत गेले आणि जिथं पावसाळ्यात गळतं, नेमक्या त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

शिकवायचं सोडलं तरी कॉपी पकडायची सवय जात नाही.

*

गुरुजी गेल्यावर मी नामूचा मोबाइल मागून घेतला. त्यानं आमच्या घराची जाहिरात फिरवली होती. 'प्रशस्त, हवेशीर, शांत परिसर, चोवीस तास पाणी.'

"नामू, आपल्याकडे पाणी एक दिवसाआड येतं."

"टाकीमा तं चोवीस तास ऱ्हास."

मी त्याचाच उरलेला शेंदरी रंग घेतला, एका जुन्या डब्याचं मोठं झाकण घेतलं आणि स्वतः पाटी लिहिली: 'घर विकणे आहे. नळाला पाणी एक दिवसाआड येते. मागच्या खोलीत पावसाळ्यात एका कोपऱ्यात गळते. खाली पातेले ठेवावे लागते. पातेले घरासोबत मिळेल.'

पाटी गेटला टांगली तसा नामू ओट्यावर डोकं धरून बसला. "आक्का, लंगडा बैलले बी कोणी लंगडा नही म्हनत. 'चालमा डौल शे' म्हंतस."

संध्याकाळपर्यंत त्याच्या फोनला उसंत नव्हती. सगळ्यांना त्या पाटीवालीचंच घर बघायचं होतं. एका बाईनं तर घराचं काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, "पातेलं पितळी आहे का स्टीलचं?"

*

नंदुरबारहून एक कारकून आणि त्याची बायको आली. नवरा मोबाइलमधलं होकायंत्र पुढे धरून घरात फिरायला लागला. आता गिरणीत धान्यातले खिळे, तारा अडकवायला एक मोठं लोहचुंबक असतं. गिरणी विकली तेव्हा ते मी ठेवून घेतलं आणि पुढच्या खोलीच्या कोनाड्यात ठेवलं. मला काय माहीत हे होकायंत्र घेऊन येतील?

कोनाड्याजवळ उभं राहून तो म्हणाला, "स्वयंपाकघर पूर्वेला. छान." एक पाऊल सरकला. "नाही, पश्चिमेला." आणखी एक पाऊल. मग त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मीच पाठीमागून काहीतरी फिरवतेय. "बाई, तुमचं घर हलतंय."

"घर नाही, फोन हलतोय. गच्चीवर जा. जिकडे सातपुडा दिसतो ती उत्तर. तो काही हलत नाही."

तो वर गेला. दहा मिनिटांनी उतरला तो चेहरा पाडून. "बाई, तुमचं स्वयंपाकघर नैर्ऋत्येला आहे."

"तीस वर्षं तिथंच आहे," मी म्हटलं. "जेवून बघा."

*

त्याच दिवशी विमलबाई आल्या. विमलबाई म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. मोरीच्या पाण्यावरून आमचा अकरा वर्षं अबोला. अकरा वर्षांत माझ्या ओट्याला त्यांचा पाय लागला नव्हता. आणि त्या दिवशी गिऱ्हाईक जेवत असताना सरळ आत आल्या, पदर खोचून कारकुनाच्या बायकोशेजारी बसल्या आणि बोलायला लागल्या. असं घर गल्लीत नाही. लक्ष्मी आहे या घरात. उन्हाळ्यात पंखा लागत नाही. अर्धा तास! माझ्या घराचं एवढं कौतुक मी पण कधी केलं नव्हतं.

कारकुनाची बायको म्हणाली, "शेजार किती चांगला आहे हो."

मी वरण वाढत राहिले.

गिऱ्हाईक गेलं. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून विमलबाईंचा आवाज आला. अबोला असल्यामुळे आम्ही एकमेकींशी बोलत नाही. त्या दोरीवरच्या कपड्यांशी बोलतात, मी बादलीशी.

"गेलेत वाटतं," त्यांनी कपड्यांना विचारलं. "घेतात की काय?"

"बघतो म्हणाले," मी बादलीला सांगितलं.

 मग कपड्यांना चिमटे लावता लावता त्या म्हणाल्या, "बघतो म्हणणारे घेत नाहीत. बरं झालं."

*

'मालक कुठे?' हा प्रश्न मला किती जणांनी विचारला, ते सांगत नाही. एक जण तर हटूनच बसला.

"मालक?"

"समोर उभी आहे."

त्यानं माझ्या खांद्यावरून आत स्वयंपाकघरात पाहिलं. "तसं नाही, मावशी. घरात मोठं कोण?"

"माझ्याहून मोठं? तो दारातला कडुलिंब."

त्याला ते पटलं नाही. त्यानं नामूकडून माझ्या मुलाचा, प्रदीपचा नंबर घेतला आणि माझ्यासमोर स्पीकर लावून सुरतेला फोन केला. "साहेब, घराच्या भावाचं तुमच्याशी बोलायचं होतं."

पलीकडून प्रदीप म्हणाला, "भाऊ, मी मन्ही मायना एकुलता एक आंडोर. तरी त्या घरमा मी दळनले लाइनमा उभा ऱ्हायेल शे. भाव तिलेच इचारा."

*

आखाजीला वीस-एक दिवस राहिले आणि नवापूरचा पोल्ट्रीवाला शेठ आला. बायकोही सोबत. माणूस भला, पण प्रत्येक खोलीच्या दारात उभा राहायचा, डोळे बारीक करायचा आणि आकडा सांगायचा. "इथे तीनशे आरामात." पुढची खोली. "इथे चारशे. हवा चांगली छे."

मला वाटलं, घरात लग्न निघालंय.

शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, कोंबड्या जाऊ द्या. माणसं किती?"

शेठ पहिल्यांदा अडखळला. पुन्हा सगळीकडे नजर फिरवली. "माणसं... चार."

आता नामूचा डाव ऐका, कारण सगळं त्यावरच अडलंय. बैलबाजारात गिऱ्हाईक ढिलं पडलं की दलाल आपलाच एक माणूस मध्ये घुसवतो. तो नुसता म्हणतो, 'मी घेतो.' की खरं गिऱ्हाईक तापतं. नामूनं शेठला तापवायला ब्राह्मणपुरीहून आपल्या बाजारातल्या जुन्या दोस्ताला बोलावून ठेवलं होतं. तेच हे जिभाऊ. शेतकरी माणूस, पांढरी टोपी, बोलणं कमी. काम एवढंच: यायचं, घराकडे बघायचं, 'मी घेतो' म्हणायचं, जेवायचं आणि जायचं. मला यातलं काही ठाऊक नाही. मी आपली ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होते.

जिभाऊ आले. 'मी घेतो' म्हणाले. शेठनं भुवया वर केल्या, 'विचार करून सांगतो' म्हणाला आणि बायकोला घेऊन नवापूरला निघून गेला. तापलाबिपला काही नाही.

जिभाऊ मात्र जेवले आणि उठेनात. गिरणीच्या खोलीत गेले. तिथं रस्त्याच्या बाजूला वेगळं दार आहे, दळणवाल्यांसाठी केलेलं. ते दार त्यांनी उघडून पाहिलं, लावून पाहिलं, कडी तपासली. त्यांच्या दोन नाती शहाद्याला कॉलेजात. रोज एस्टीनं येणं-जाणं, आणि बस चुकली की ब्राह्मणपुरीत सगळं घर फाट्याकडे तोंड करून बसलेलं.

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"चाल जिभाऊ, काम झायं," नामू म्हणाला.

"काय झायं? माले घर घेवानं शे."

"अरे, तू तं खोटा गिऱ्हाईक शे ना!"

"खोटा व्हतो," जिभाऊ म्हणाले. "घर देखं, खरा व्हई गऊ."

*

आणखी एक, आणि मग ओट्यावर परत जाऊ.

नामूची बायको लता माझ्याकडे वर्षानुवर्षं दळण आणायची. ओट्यावरच्या या भांडणाच्या दोन दिवस आधी भेटायला आली तेव्हा मी तिला विचारलं, "काय गं, तुझा नवरा त्या रुमालाखाली बोटं दाबतो, ती कशी असतात?"

ती हसत सुटली. "आक्का, लगीनले पंधरा वरीस व्हई गयात. हाऊ झोपमा मन्हा हात धरीसन बैल इकस."

म्हणजे तिला सगळं येत होतं. कुठलं बोट म्हणजे काय, पूर्ण मूठ म्हणजे काय, तळहातावर नख घासलं की काय, हात झटकला की काय. आम्ही दोघी खाटेवर बसलो, मध्ये माझा पदर टाकला. तिनं मला चार बैल विकले. पाचव्याला मी तिच्यावर दोन बोटं चढवली.

"आक्का," ती म्हणाली, "हाऊ धंदा तू आधीच कराले पाह्यजे व्हता."

नामूला यातलं तिनं सांगितलं नाही. मीही नाही.

*

तर ओट्यावर. आखाजीला आठ दिवस उरलेले. सकाळीच शांताचा फोन होता, "केसर, त्या खोल्यांना मालक चुना मारतोय. कोणीतरी बघायला येणार म्हणे." आणि इथं चहाच्या तीन फेऱ्या होऊन हे दोघं हात धरून बसलेले. मध्येच जिभाऊंची भुवई उडायची, मध्येच नामूचं कोपर हलायचं. मी विचारलं की एकच उत्तर, "चाली ऱ्हायनं."

"उघडं बोला," मी पुन्हा म्हटलं. "माझं घर, माझ्या कानांनी ऐकू द्या."

जिभाऊंनी मान हलवली. "बाई, गल्ली आयकी ऱ्हायनी. मन्हा तीन भाऊ शेत ब्राह्मणपुरीले. आकडा मन्हा आधी तठे पोहोची जायी."

तेही खोटं नव्हतं. भिंतीपलीकडे विमलबाई एकच चादर चौथ्यांदा घडी करत होत्या. समोरच्या दारात तिघी गहू निवडत होत्या, आणि तिघींपैकी एकीचंही लक्ष गव्हात नव्हतं.

"आक्का, तू तुन्हा आकडा माले सांगेल शे ना?" नामू म्हणाला. "मंग मन्हावर भरोसा ठेव."

"भरोसा आहे. पण घर माझं आणि बोटं तुझी, हे मला चालत नाही."

"मंग काय करू?"

"मला आत काय चाललंय ते कळलं पाहिजे."

नामू आता खरंच दुखावला. एवढ्या वर्षांत त्याच्या रुमालाखाली कोणी डोकावलं नव्हतं. "बाईमाणूसना हात रुमालमा कधीच गया नही, आक्का. हाई रीत शे."

"कुठं लिहिलंय?"

"लिखेल नही."

"तेच म्हणते. लिहिलेलं असतं तर मी वाचलं असतं."

समोरच्या दारातलं गहू निवडणं थांबलं. जिभाऊंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी रुमालाखालचा हात अर्धा बाहेर काढला, एक पाय चपलेत घातला. "ऱ्हाऊ दे नामू. बाई उघडं बोल म्हनस. माले ते जमाव नही. मी जास."

"जिभाऊ, बठा ना. आक्का, तू घरमा जाय, हात जोडस तुले. सौदा मोडी जायी. मन्ही दलाली बी जायी."

"तुझी दलाली तुला पूर्ण मिळेल."

"कशी मिळयी? गिऱ्हाईक तं चालनं!"

जिभाऊंचा दुसरा पाय चपलेकडे निघाला होता. मला शांताच्या शेजारच्या त्या दोन खोल्या दिसल्या, ताज्या चुन्याच्या, आणि त्यांच्या दारात तिसरंच कोणीतरी उभं. मी ट्रे मधल्या बुटक्या भिंतीवर ठेवला. विमलबाईंनी हात लांब करून तो सरळ केला, पडला असता. मी पदराला हात पुसले, उजवा हात जरा जास्त. मग खाटेच्या कडेला बसले, दोघांच्या मध्ये.

"रुमाल राहू दे, नामू. तू हात काढ."